साथीदारावरचा वार आपल्या अंगावर

बहुतेक खेळांत एकाची जीत ती दुसऱ्याची हार असते. बुद्धिबळाच्या पटावर दोघे समोरासमोर बसतात, आणि एकाच्या राजावर मात झाली म्हणजेच दुसऱ्याचा डाव पुरा होतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांतून एका निराळ्या जातीचा खेळ जगभर पसरला आहे, व त्याचे चित्रविचित्र फांसे आपल्याकडील कांहीं मुलांच्या दप्तरांतही दिसूं लागले आहेत. या खेळांत मेजाभोंवतीं बसलेले चारपांच खेळाडू एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात; ते एकाच वाटेचे सोबती असतात. संकट आलें तर सर्वांवर येतें, आणि तरावयाचें तर सर्वांनीं मिळून तरावयाचें. अशा खेळांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. शत्रूचा वार आपल्या दुबळ्या सोबत्यावर येत असतां तो तेथून वळवून आपल्या अंगावर कसा घ्यावा? या एकाच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. विद्यार्थ्यांस तो खेळांत उपयोगी पडेल. आणि आपलीं मुलें तासन् तास फांसे टाकून कसलें युद्ध लढत असतात, या शंकेनें अस्वस्थ झालेल्या पालकांसही त्यांतून कांहीं उलगडा होईल, अशी आशा आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. इंग्रजींत त्यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण भूमिकेचा खेळ म्हणूं. त्याची वंशावळ शोधूं गेल्यास ती आपल्याच चतुरंगापर्यंत पोंचते. चतुरंगापासून बुद्धिबळ निघालें. बुद्धिबळाच्या पायावर जर्मन मुलखांतील ब्राउनश्वाइग येथें हेलविग नांवाच्या गृहस्थानें १७८० सालीं युद्धाचा एक मोठा पट रचला. पुढें १८२४ सालीं राइसविट्झ यानें नकाशा, फांसे आणि पंच यांच्या साहाय्यानें प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांस शिक्षण देणारा युद्धखेळ प्रचारांत आणिला. अशा युद्धखेळांचे शौकीन असलेल्या गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या अवघ्या १००० प्रती होत्या. त्यांतील नवी कल्पना अशी कीं, खेळाडूनें सबंध सैन्य न चालवितां एकाच व्यक्तीची भूमिका घ्यावी. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा देवसेवक. एक खेळाडू मात्र सूत्रधार असतो. तो कथा सांगतो, आणि वाटेंत भेटणारे शत्रू, श्वापदें व राक्षस यांच्या वतीनें चाल करतो. शत्रूचा वार कोणावर पडावा हें ठरविणारा तोच. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

आतां वारांचा हिशेब पाहूं. आमचे आंकडे या खेळाच्या २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ सालीं तिचे नियम सुधारण्यांत आले, तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे. वार करणारानें वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा, पडलेल्या आंकड्यांत आपल्या कौशल्याचे गुण मिळवावयाचे, आणि बेरीज प्रतिपक्षाच्या संरक्षणांकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली तर वार लागला असें समजावयाचें. या संरक्षणांकास खेळाडू 'आर्मर क्लास' म्हणतात. वार लागला कीं ज्यास लागला त्याच्या प्राणांकांतून, म्हणजे 'हिट पॉइंट्स'मधून, कांहीं गुण वजा होतात. प्राणांक शून्यावर आले कीं तो बेशुद्ध पडतो. त्यानंतर प्रत्येक फेरींत त्याच्यासाठीं फांसा टाकतात. १० किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशें मिळालीं तर प्राण वांचला, तीन अपयशें झालीं तर ती व्यक्ति कथेंतून कायमची गेली.

समजा, सूत्रधारानें चार गॉब्लिन पुढें आणिले. गॉब्लिन म्हणजे पाश्चात्य लोककथांतील एक खुजी व लबाड भुतावळ. त्याच्या कौशल्याचे गुण ४. कड्यांचें चिलखत ल्यालेल्या व ढाल घेतलेल्या योद्ध्याचा संरक्षणांक १८. अर्थात् गॉब्लिनच्या फांशावर १४ किंवा अधिक पडावे लागतात. वीसांपैकीं अशा बाजू ७, म्हणजे शेंकडा ३५ वार लागतील. साध्या झग्यांतील मांत्रिकाचा संरक्षणांक १२ धरूं. त्याच्यावर फांशाचे ८ पुरतात. अशा बाजू १३, म्हणजे शेंकडा ६५. पहिल्या पायरीवरील योद्ध्याचे प्राणांक १२ व मांत्रिकाचे ८ असले, आणि गॉब्लिनचा एक वार सरासरीनें साडेपांच गुण नेत असला, तर पुढचें गणित सोपें आहे. चौघांनीं मांत्रिकावर झडप घातली तर सरासरीनें २.६ वार लागतील, आणि दोन वारांतच तो बहुधा आडवा होईल. तेच चार वार योद्ध्यावर आले तर १.४ लागतील, आणि योद्धा उभा राहील. शत्रू तेच, फांसे तेच. वार कोणीं घेतला एवढ्या फरकानें एक सोबती वांचतो किंवा पडतो.

शिवाय मांत्रिकाचें वा देवसेवकाचें नुकसान केवळ प्राणांकांचें नसतें. कित्येक मंत्र चित्त एकाग्र असेपर्यंतच टिकतात. देवसेवक तिघां सोबत्यांस आशीर्वाद देतो, त्यायोगें त्यांच्या फांशांत आणखी गुण मिळतात. परंतु त्याला एक जखम झाली कीं एकाग्रता टिकली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं फांसा टाकावा लागतो, व तो कमी पडल्यास तिघांचाही लाभ एकदम नाहींसा होतो. म्हणून शहाणा शत्रू नेहमीं मागें उभ्या असलेल्या दुबळ्यासच शोधीत असतो. त्याला शौर्याची हौस नसते. थोड्या श्रमांत अधिक नुकसान कोठें होईल एवढेंच तो पाहतो.

येथें नवशिक्या खेळाडूंची एक ठराविक समजूत आड येते. त्यांस वाटतें, आपण भक्कम चिलखत घालावें, पुढें उभें राहून आरोळी ठोकावी, म्हणजे सर्व शत्रू आपल्याकडेच वळतील. ही समजूत बहुधा संगणकावरील खेळांतून आलेली असते. १९९९ सालचा 'एव्हरक्वेस्ट', २००४ सालचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' इत्यादि खेळांत यंत्र प्रत्येक राक्षसासाठीं एक आंकडा मोजीत असतें. ज्याच्या नांवावर तो आंकडा अधिक, त्याच्यावर राक्षस धांवतो. तेथें योद्ध्यानें डिवचण्याची कळ दाबली कीं राक्षस निमूटपणें त्याच्याकडे तोंड करतो. मेजावरील खेळांत राक्षसाच्या मागें यंत्र नसतें, सूत्रधार म्हणजे एक विचार करणारा मनुष्य असतो. त्याचा लबाड गॉब्लिन मनांत म्हणेल, 'या लोखंडाच्या पुतळ्यावर तलवार बोथट करण्यापेक्षां बाजूनें निसटून त्या झगेवाल्यास गांठावें हें बरें.' बुद्धिबळांत आपण एखादें प्यादें पुढें करून आमिष दाखवितों, पण प्रतिपक्षी तें घेण्यास बांधलेला नसतो. आमिष घेण्यांत लाभ आहे, किंवा न घेण्यांत तोटा आहे, असें त्यास वाटलें तरच तो हात पुढें करतो. या खेळांतही तसेंच आहे. शत्रूचा वार आपल्याकडे वळवावयाचा तर आपल्याला सोडून दुसऱ्यावर जाणें त्याला महाग पडलें पाहिजे. खालील सर्व युक्त्या या एकाच सूत्राच्या शाखा आहेत.

पहिली युक्ति जागेची. १६६० सालची घोडखिंडीची हकीकत ज्यांनीं इतिहासांत वाचली आहे त्यांस चिंचोळ्या वाटेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. या खेळाच्या नकाशावर पांच पांच फुटांचे चौकोन आंखलेले असतात, आणि सामान्यतः शत्रूनें अडविलेल्या चौकोनांतून पलीकडे जातां येत नाहीं. म्हणून पांच फूट रुंदीच्या बोळांत योद्धा उभा राहिला कीं समोरून एकाच गॉब्लिनला तलवार चालवितां येते. मागचे तिघे नुसते दाटी करून राहतात. त्यांच्याजवळ धनुष्यें असलीं तर बाण मात्र मागें पोंचूं शकतील. पण मध्यें उभ्या असलेल्या योद्ध्याची आड झाल्यानें मांत्रिकाच्या संरक्षणांकांत २ ची भर पडते, व शेंकडा ६५ चे ५५ होतात. मांत्रिक मंत्र टाकून झाल्यावर वळणाच्या भिंतीमागें सरकला तर त्याच्यावर नेमच धरतां येत नाहीं. या युक्तीला कोणतीही विशेष विद्या लागत नाहीं. दार उघडण्यापूर्वीं घटकाभर नकाशाकडे पाहिलें म्हणजे पुरे.

दुसरी युक्ति पाठ फिरविणाराला शासन करण्याची. योद्ध्याच्या आटोक्यांतून शत्रू निघून जाऊं लागला तर जातां जातां त्याच्यावर एक वार करण्याची मुभा योद्ध्यास असते. मोकळ्या मैदानांत हीच भीति शत्रूस जागीं खिळवून ठेवते. परंतु सावधपणें माघार घेणारास हा वार लागू होत नाहीं, आणि गॉब्लिनची जात तर अशा निसटण्यांत विशेष पटाईत आहे. चाल करून वर निसटण्याची सवलत तिला आहे. म्हणून ज्याला रक्षणाचेंच काम पत्करावयाचें आहे तो खेळाडू पुढें 'सेंटिनेल' नांवाचें कसब मिळवितो. सेंटिनेल म्हणजे पहारेकरी. या कसबानें सावध माघारीची सवलत निष्फळ होते, वार लागलेला शत्रू त्या फेरींत जागचा हलूं शकत नाहीं, आणि शेजारीं उभ्या असलेल्या शत्रूनें आपल्याला सोडून सोबत्यावर हात उचलला तर त्याला तत्काळ प्रत्युत्तर देतां येतें.

तिसरी युक्ति ढालीची. सोबती शेजारच्या चौकोनांत असतां त्याच्यावर वार आला तर ढालकरी योद्धा आपली ढाल मध्यें घालूं शकतो. मग शत्रूस एकाऐवजीं दोन फांसे टाकावे लागतात व त्यांतील लहान आंकडा धरावा लागतो. मांत्रिकावर शेंकडा ६५ लागणारा वार अशानें शेंकडा ४२ च्या आसपास येतो. लाभ मोठा दिसतो. परंतु ही मदत एका फेरींत एकदांच करतां येते. चौघांनीं एकदम हल्ला केला तर ढाल एकाच वाराच्या आड येईल, आणि लागणाऱ्या वारांची सरासरी २.६ वरून जेमतेम २.४ वर उतरेल. यावरून विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ढाल ही जागेची भरपाई करूं शकत नाहीं. आधीं शत्रूंची वाट अरुंद करावी, आणि त्यांतून जो एखादा पुढें येईल त्याच्यासाठीं ढाल राखून ठेवावी.

चौथी युक्ति शत्रूवर खूण करण्याची. या खेळाच्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तींत रक्षकाचें काम हा एक स्वतंत्र अधिकारच मानला गेला होता. योद्धा ज्या शत्रूवर वार करी त्यावर त्याची खूण बसे; मग त्या शत्रूनें योद्ध्यास वगळून दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याच्या फांशांतून २ गुण वजा होत, आणि तो योद्ध्याशेजारीं असल्यास वरून योद्ध्याचा वारही खावा लागे. शत्रूपुढें दोन्ही वाटा उघड्या असत, पण एकीवर काटे पसरलेले असत. पांचव्या आवृत्तीच्या २०१७ सालच्या पुरवणींत पूर्वजांच्या छायांस पाचारण करणारा एक रानटी योद्धा आहे; आवेशांत असतां तो आपल्या पाळींत प्रथम ज्याला वार लावतो त्याला इतरांवर हल्ला करणें जड जातें, आणि हल्ला लागलाच तर त्याची इजा निम्मी होते. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या एका खेळाच्या २०१९ सालच्या आवृत्तींत 'चॅंपियन' नांवाचा धर्मवीर सोबत्यास होणारी इजा कांहीं अंशीं कमी करतो, व मारणारा आटोक्यांत असल्यास त्याला उलट फटकाही देतो. नियम निरनिराळे, पण सर्वांचा रोख एकच.

पांचवी युक्ति द्वंद्वाच्या आव्हानाची, आणि ती आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. 'पॅलडिन' नांवाच्या व्रतस्थ वीरास असा एक मंत्र येतो कीं, ज्या शत्रूस तो आव्हान देईल त्याचें मनोबल अपुरें पडल्यास त्या शत्रूस इतर कोणावरही वार करतांना दोन फांशांतील लहान आंकडा घ्यावा लागतो, आणि वीरापासून तीस फुटांहून दूर जाणेंही कठीण होतें. परंतु या मंत्रास अटी आहेत. वीरानें स्वतः दुसऱ्या कोणावर हात टाकला तर मंत्र मोडतो. आणि वीराच्या एखाद्या सोबत्यानें त्या शत्रूस इजा केली तरीही मोडतो. किती वेळां असें घडतें कीं, वीरानें मोठ्या प्रयासानें राक्षस आपल्याकडे वळवावा, आणि मागच्या उतावीळ धनुर्धरानें त्याच राक्षसावर बाण सोडून तें सर्व पाण्यांत घालवावें! आपल्यासाठीं दुसरा काय सोसतो आहे हें ज्याला दिसत नाहीं, तो आपल्याच हातानें आपलें कवच फोडतो.

यावरून हेंही उघड होतें कीं, वार वळविणें हें एकट्या रक्षकाचें काम नव्हे. ज्याचें रक्षण व्हावयाचें त्यानेंही आपली बाजू सांभाळली पाहिजे. मांत्रिकानें शौर्याच्या भरांत योद्ध्याच्या पुढें जाऊं नये. धनुर्धरानें शेजारचें ठिकाण सोडून भलतीकडे भटकूं नये. आणि शत्रू अंगाशीं येऊन भिडला असतां इतर कांहीं सुचत नसेल तर वार करण्याचा मोह आवरून केवळ अंग चुकविण्याचा पवित्रा घ्यावा. तसें केल्यास पुढच्या पाळीपर्यंत त्याच्यावर येणाऱ्या प्रत्येक वारास शत्रूला दोन फांसे टाकून लहान आंकडा घ्यावा लागतो. ढालीनें एका वारापुरतें जें साधतें तें येथें सर्व वारांविरुद्ध साधतें. सर्वांनीं मिळून एकाच शत्रूस आधीं लोळविलें तर एक तलवार कायमची थांबते. चौघांस थोडें थोडें जखमी केलें तर चारही तलवारी चालूच राहतात. पडलेला शत्रू वार करीत नाहीं, ही सर्वांत साधी ढाल आहे.

रक्षकानें टाळावयाच्या दोन अतिरेकांविषयींही लिहिलें पाहिजे. पहिला अतिरेक केवळ चिलखताचा. ज्याला वार लागत नाहीं आणि ज्याचा वार बोंचत नाहीं, त्याला शत्रू वळसा घालून जातो. रक्षकाच्या हातांत धार असावी लागते. त्याच्याकडे दुर्लक्ष केलें तर पस्तावूं, असें शत्रूस वाटलें पाहिजे. दुसरा अतिरेक हुतात्मा होण्याच्या हौसेचा. सर्व वार आपणच घेईन म्हणून चौघांच्या मध्यें उडी टाकणारा दुसऱ्या फेरींत पडतो, आणि मग त्याच्या मागची सबंध मंडळी उघडी पडते. प्राणांक ही साऱ्या सोबत्यांची मिळून एक शिदोरी आहे असें समजावें. योद्ध्याचे दोनच गुण उरले आणि देवसेवकाचे आठ शाबूत असले, तर पुढचा वार देवसेवकानें घेणें हेंच शहाणपणाचें ठरतें. कोणीच न पडणें हा हेतु आहे. तेवढ्यासाठीं रक्षकानें वेळीं मागें सरणें यांत कमीपणा मानूं नये.

सूत्रधाराचें कर्तव्यही येथें मोठें आहे. त्यानें शत्रू त्याच्या स्वभावाप्रमाणें चालवावा. निर्बुद्ध प्रेत जवळ असेल त्यावर झेंपावेल. भुकेला लांडगा कळपांतून एकटा पडलेल्यास हेरील. कवायती शिपाई नायकाच्या हुकुमाप्रमाणें मांत्रिकावर नेम धरतील. सूत्रधारानें प्रत्येक शत्रूस आपलेंच डोकें दिलें तर रक्षकाचे श्रम फुकट जातात. आणि प्रत्येक शत्रूस मुद्दाम मूर्ख बनविलें तर त्या श्रमांस किंमतच राहत नाहीं. मेजाशीं बसलेल्या मुलाच्या मनावर याचा परिणाम होतो. ज्याची व्यक्ति दर लढाईंत पहिल्याच फेरींत पडते तो तासभर हात बांधून इतरांचा खेळ पाहत बसतो, आणि थोड्याच दिवसांत खेळावयास येणें सोडून देतो. वर्गांतला लाजरा मुलगा बहुधा मागच्या रांगेंतलीच भूमिका घेतो, हेंही सूत्रधारानें विसरूं नये.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कित्येक पालकांनीं व कांहीं ख्रिस्ती मंडळ्यांनीं या खेळावर कडक आक्षेप घेतले होते. मंत्र, राक्षस व रक्तपात यांच्या कथांनीं मुलांचें मन बिघडेल अशी त्यांस भीति वाटे. मुलांच्या हिताची ती काळजी आम्हांस हंसण्यासारखी वाटत नाहीं. कोणत्या कथा सांगाव्या, किती वेळ खेळावें, अभ्यासाची वेळ कोणती, हें वडील माणसांनीं पाहिलेंच पाहिजे, आणि अभद्र कथा सांगणारा सूत्रधार असेल तर मुलास तेथून उठवून आणावें. परंतु खेळाचा न्याय करण्यापूर्वीं एकदां मेजाशेजारीं खुर्ची घेऊन बसावें, ही आमची विनंति आहे. तेथें बारा-तेरा वर्षांचीं मुलें शेंकड्याचें गणित तोंडीं करीत असतात, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबत असतात, आणि कोणास किती इजा झाली आहे याची विचारपूस करून मग आपली चाल ठरवीत असतात. सोबत्यासाठीं वार घेण्याचें कसब फांशांनीं खेळतांना येतें म्हणून तें आयुष्यांत आपोआप येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि आपल्यापेक्षां दुबळा कोण, त्याच्यावर काय येत आहे, आणि आपण कोठें उभें राहिलों तर तें थांबेल, असे प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय लहानपणीं लागली तर ती वायां जाणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस लढाई सुरू झाली म्हणजे तलवार उपसण्यापूर्वीं आपल्या सर्व सोबत्यांचे प्राणांक विचारून घ्या, आणि दार कोठें आहे तें पाहा. पालकांनीं एवढेंच करावें: मुलगा किंवा मुलगी खेळून घरीं आली म्हणजे आज किती राक्षस लोळविले तें तीं आपणहून सांगतीलच, तें ऐकून घेऊन मग, आज तूं कोणास वांचविलेंस, असें त्यांस अवश्य विचारावें.